परत पाठवलेलं बाळ : कोविडच्या काळातलं पुण्यातल्या एका दवाखान्याचं लसीकरण

(हे प्रकरण खरं आहे. बाळ, त्याचं कुटुंब, दवाखाना आणि वस्ती यांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. त्या काळात मी या दवाखान्याच्या लसीकरणाच्या कामाला बाहेरून मदत करत होते.)

पार्श्वभूमी

पुण्याच्या पूर्व भागातली एक दाट वस्ती. दहा बाय दहाच्या खोल्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरून उभं राहावं अशा गल्ल्या. मूळची वस्तीतली घरं थोडी, भाडेकरू जास्त. लातूर, नांदेड, सोलापूर, कलबुर्गी इकडून आलेली कुटुंबं. पुरुष सेंट्रिंगच्या, बिगारीच्या कामावर, बायका घरकामाला. वस्तीपासून चालत पंधरा मिनिटांवर सरकारी दवाखाना. तिथे आठवड्यातून एक दिवस लसीकरण असे. शिवाय महिन्यातल्या एका ठरलेल्या बुधवारी सिस्टर लसींचा डबा घेऊन वस्तीतल्या समाजमंदिरात येत. खरी गर्दी या बुधवारी होई, कारण आईला कामाचा खाडा न करता तासाभरात परत जाता येई. आदल्या दिवशी आशाताई गल्लीतून हाक देत जायच्या आणि बायका बाळं घेऊन यायच्या. दीड महिन्याचं, अडीच महिन्याचं, साडेतीन महिन्याचं, मग नऊ महिन्यांचं गोवराचं. वेळापत्रक बायकांना असं महिन्यांतच पाठ असतं.

आपल्या प्रकरणातलं बाळ १९ फेब्रुवारी २०२० चं. बाहेर शिवजयंतीचे ढोल वाजत होते, म्हणून आईला तारीख कधी विचारावी लागत नाही. बाळंतपण सरकारी रुग्णालयात झालं. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, कावीळ-ब हे तिन्ही तिथेच मिळालं आणि कार्डावर तशी नोंद झाली. दीड महिन्याच्या लसींची तारीख १ एप्रिल, बुधवार. कार्डावर ती निळ्या पेनने लिहिलेली होती.

९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले दोन कोविड रुग्ण सापडले. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर लॉकडाऊन. एप्रिलमध्ये वस्तीच्या तोंडाशी बांबू बांधून पत्रे ठोकले गेले.

अडचण

१ एप्रिलला आई बाळाला घेऊन निघाली. समाजमंदिराला कुलूप होतं, म्हणून ती दवाखान्यापर्यंत चालत गेली. दवाखान्याच्या फाटकावर तिला सांगितलं गेलं, "लसीकरण बंद आहे. चालू झालं की कळवू." ती परत गेली.

कळवायचं कोणाला, याची नोंद कोणी केली नाही. तिचं नाव, गल्ली, फोन काहीच नाही. त्या आठवड्यांत फाटकावरून अशा किती आया परत गेल्या, ते म्हणूनच आज कोणालाही सांगता येणार नाही. या साऱ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच. बंद ठेवण्याचा निर्णय त्या दिवसांत चूक होता असं मी म्हणणार नाही. विषाणू नवा होता, मास्क पुरेसे नव्हते, सिस्टर स्वतः घाबरलेल्या होत्या आणि घरी त्यांचे म्हातारे सासू-सासरे होते. पण बंद करताना "पुन्हा केव्हा पाहायचं" ही तारीख ठरली नाही. आलेल्या बाळाचं नाव लिहून घ्यायला तर दोन मिनिटंही लागली नसती.

एप्रिल-मेमध्ये सिस्टर आणि आशाताई दोघी घरोघरच्या कोविड सर्वेक्षणात गुंतल्या. कपाळावर तापमापक धरायचा, खोकला विचारायचा, आकडे संध्याकाळपर्यंत पाठवायचे. लसीकरणाला माणूसच उरलं नाही. लस मात्र होती. हे मी जूनमध्ये डोळ्यांनी पाहिलं. लसींच्या फ्रिजला, म्हणजे आयएलआरला, लावलेल्या वहीत सकाळ-संध्याकाळचं तापमान एकही दिवस न चुकता लिहिलेलं होतं, अगदी रविवारचंसुद्धा. सगळे आकडे २ ते ८ अंशांच्या आत. शेजारीच लसीकरणाची नोंदवही होती. तिच्यात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर पानं कोरी. साठा जपला गेला होता, बाळं निसटली होती.

हे एकट्या या दवाखान्याचं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरातली २ कोटी ३० लाख बालकं नेहमीच्या लसींना मुकली, म्हणजे २०१९ पेक्षा ३७ लाख जास्त. भारतात त्रिगुणी लसीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची) तिसरा डोस मिळालेल्या बालकांचं प्रमाण ९१ टक्क्यांवरून ८५ वर आलं. गोवराची लस जगभर पाठवणारा कारखाना याच शहरात हडपसरला आहे. वस्तीतून तिथे रिक्षाने जाता येतं.

जूनमधली स्थिती

मेअखेर वैद्यकीय अधिकारी मॅडमनी ठरवलं, की आता थांबायचं नाही. केंद्राच्या सूचना तोवर आल्या होत्या. प्रसूतीच्या ठिकाणी जन्मावेळच्या लसी चालूच ठेवायच्या. प्रतिबंधित क्षेत्रात मात्र बाहेरची सत्रं घ्यायची नाहीत, आणि क्षेत्र उठल्यावरही किमान १४ दिवस थांबायचं. आमचं समाजमंदिर पत्र्यांच्या आत होतं. त्यामुळे ते सत्र बंद. पण त्या सत्राला येणारी जवळपास निम्मी बाळं पत्र्यांच्या बाहेरच्या चार गल्ल्यांतली होती. जागा आत म्हणून त्यांचंही बंद! नकाशावर रेघ ओढताना हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि आम्हालाही ते यादी हातात घेतल्यावरच दिसलं.

कोणते पर्याय होते

मॅडम, सिस्टर, दोन आशाताई, वस्तीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष काकू आणि मी, असे सहा जण दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात अंतर ठेवून बसलो.

पहिला पर्याय, पत्रे निघेपर्यंत थांबणं. नियमाला धरून आणि सगळ्यांत सोपं. मॅडमनी विचारलं, "पत्रे निघाले आणि चार दिवसांनी पुन्हा लागले तर?" कोणाकडेच उत्तर नव्हतं.

दुसरा, सगळ्यांना दवाखान्यात बोलावणं. इथे दार एकच होतं. तापाचे, खोकल्याचे रुग्ण त्याच दारातून येत. सिस्टर स्पष्ट म्हणाल्या, "मॅडम, माझं बाळ असतं तर मी या दारातून नेलं नसतं." मग त्यावर जास्त बोलावं लागलं नाही.

तिसरा पर्याय घरोघर जाऊन लस देण्याचा. बचत गटाच्या काकूंना हा फार आवडला होता, आणि आईच्या बाजूने पाहिलं तर तो खरंच सोयीचा. पण लस दिल्यावर बाळाला अर्धा तास नजरेसमोर ठेवावं लागतं. एका सिस्टरने दिवसाला किती घरं करायची? डबा प्रत्येक दारात उघडला की बर्फाच्या पॅकची थंडी उतरत जाते. शिवाय गोवर-रुबेलाची व्हायल, म्हणजे अनेक डोसांची कुपी, एकदा पाणी मिसळून तयार केली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची. बीसीजीचंही तसंच. पेंटाव्हॅलंटची, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीची, उघडलेली व्हायल नीट जपली तर २८ दिवस चालते, पण गोवराला ती मुभा नाही. चार तासांत तीन घरं झाली तर बाकीचे डोस वाया.

चौथा पर्याय शेवटी निवडला. पत्र्यांच्या बाहेर, रस्त्यापलीकडची शाळा बंद होती. तिच्या मैदानाकडच्या व्हरांड्यात छोटी सत्रं घ्यायची, पण आधी फोन करून, प्रत्येकीला वेळ देऊन. एका वेळी तीनच बाळं. बाळासोबत एकच मोठं माणूस. आज्जींना या एका नियमाचा फार राग आला. नातवाच्या लसीला आज्जीने जायचं नाही, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं.

काय केलं

सुरुवात यादीपासून. नोंदवहीत बाळं नोंदणीच्या क्रमाने होती. कोणाची लस कधी थकली हे त्यातून एका नजरेत कळत नसे. सिस्टरनी दोनशे पानी रेघांची वही आणली आणि चार दुपारी बसून नवी यादी केली. बाळाचा जन्म, शेवटची लस, पुढची कोणती, किती दिवस उलटले. डाव्या समासात लाल पेनने खूण. एक वर्षाच्या आत रोटाव्हायरसचा आणि पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस सुरू व्हायला हवा, म्हणून तो पहिला डोसच न मिळालेल्या बाळांना दोन खुणा. नऊ महिने झालेल्यांना वेगळी खूण, कारण त्यांना एकाच सकाळी बोलावलं तर गोवराच्या व्हायलचा अपव्यय टळणार होता.

मग फोन. निम्मे नंबर बापांचे. ते कामासाठी घेतलेले, आणि काम बंद झाल्यावर रिचार्ज संपलेले. जे लागले, त्यांतल्या कित्येक घरांना वाटत होतं की लसीकरण कायमचं बंद झालंय.

दुसरी गोष्ट आम्ही आधी ओळखलीच नव्हती. आया वेळ घ्यायच्या आणि यायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एकीने आशाताईंना कानात सांगितलं. पेंटाव्हॅलंटने बाळाला ताप येतो, हे सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी सर्वेक्षणवाले येणार, कपाळाला मशीन लावणार, ताप दिसला की सगळ्या घराला उचलून नेणार! भीती अगदी रास्त होती. तिला आम्ही "गैरसमज" म्हटलं असतं तर तिथेच काम संपलं असतं. त्यावर केलं ते इतकंच, की लस दिली की कार्डासोबत दवाखान्याच्या शिक्क्याची चिठ्ठी द्यायची : अमुक तारखेला लस दिली आहे, एक-दोन दिवस ताप येऊ शकतो. सर्वेक्षणाच्या तुकड्यांनाही तसं सांगून ठेवलं. संध्याकाळी आशाताई फोन करून विचारायच्या, "अगं, अंग तापलंय का? पातळ औषध दिलंस ना?" पुढच्या आठवड्यात माणसं येऊ लागली.

चौथ्या सत्राला एक नऊ महिन्यांची मुलगी चुकीच्या दिवशी आली. त्या दिवशी गोवराचं दुसरं कोणीच नव्हतं. व्हायल फोडायची की पुढच्या आठवड्यात बोलवायचं? सिस्टर घुटमळल्या, त्यांना वाया जाणाऱ्या डोसांचा हिशेब द्यावा लागणार होता. मॅडम म्हणाल्या, "फोडा. वाया गेलं ते मी लिहीन." नियमही तेच सांगतो, एका बाळासाठीसुद्धा व्हायल उघडायची. पण नियम माहीत असणं आणि त्या क्षणी हात पुढे करणं यात अंतर असतं, आणि ते अंतर मॅडमच्या एका वाक्याने मिटलं.

बंद खोलीतलं कार्ड

१९ फेब्रुवारीच्या बाळाचं नाव वहीत दोन लाल खुणांसह आलं. साडेचार महिने होत आलेले, दीड महिन्याची लसही नाही. बापाचा फोन बंद. आशाताई पत्र्यांच्या फटीतून आत गेल्या तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, मेमध्येच टेम्पो करून गावी गेले, लातूरकडे. घरमालकीणबाईंकडून बाळाच्या काकाचा नंबर मिळाला.

फोन काकाने उचलला आणि आईला दिला. आईचं पहिलंच वाक्य, "सिस्टर, तुम्हीच तर बंद म्हणाला होता ना?"

गावात त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवलं होतं. बाहेर पडल्यावर ती उपकेंद्रात गेली होती. तिथल्या सिस्टरांनी कार्ड मागितलं. कार्ड पुण्यात. जन्मावेळी काय दिलं, काय नाही, हे कार्डाशिवाय कसं कळणार, पुढच्या वेळी घेऊन या, असं त्यांनी सांगितलं. कार्ड कुठून आणणार? जिल्ह्याबाहेर जायला पास लागत होता.

मग जे झालं ते मी आशाताईंच्या शेजारी उभी राहून पाहिलं. घरमालकीणबाईंनी त्यांच्याकडची किल्ली लावली. खोलीत बंद हवेचा, ओलीचा वास. फोन स्पीकरवर, पलीकडून आई सांगतेय, "ताई, पत्र्याची पेटी बघा. वरची साडी काढा. त्याच्या खाली निळी पिशवी." निळ्या पिशवीत रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आणि त्या दोघांच्या मधे घडी न पडू देता ठेवलेलं लसीकरणाचं कार्ड. आशाताईंनी ते दारातल्या उजेडात धरलं, दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि काकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. मग कार्ड होतं तसं पिशवीत, पिशवी साडीखाली, पेटी बंद.

त्या फोटोवर गावच्या उपकेंद्रात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाळाला पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाचा पहिला डोस मिळाला. नंतर चार-चार आठवड्यांनी बाकीचे. उशीर झाला म्हणून काही पुन्हा पहिल्यापासून द्यावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं असतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण कित्येक आयांना वाटतं की तारीख हुकली म्हणजे आधीचं सगळं फुकट गेलं, आणि त्या येतच नाहीत.

काय साधलं, काय नाही

जुलैच्या मध्यात पुण्यात पुन्हा दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लागला. यावेळी सत्र बंद करताना सिस्टरनी प्रत्येक घरी पुढची तारीख कळवली आणि वहीत ती लिहिली. सत्र सुरू झाल्यावर बहुतेक आया न बोलावता आल्या. गणपती बसेपर्यंत वर्षाच्या आतल्या बाळांच्या नावापुढच्या दोन लाल खुणा जवळपास सगळ्या खोडल्या गेल्या होत्या. उरलेली बरीचशी नावं गावी गेलेल्यांची, आणि त्यांचा ठावठिकाणा लागला नाही.

चुकलं ते दुसऱ्या वर्षातल्या मुलांचं. आमच्या खुणा सगळ्या लहानग्यांसाठी होत्या. सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो. ही मुलं चालती-बोलती, दिसायला धडधाकट. "यांना पहिला तर मिळालाय," असं म्हणून आम्ही त्यांना यादीच्या तळाशी ढकललं. तो निर्णय त्या व्हरांड्यात झाला, मीही मान डोलावली होती. मग जानेवारी २०२१ मध्ये कोविडचं लसीकरण आलं, त्याच सिस्टर तिकडे गेल्या, एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि यादीचा तळ तळालाच राहिला. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समूहात बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. त्याला अडवायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांचे दोन्ही डोस पूर्ण हवेत. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईत गोवंडीत गोवर उसळला, मुलं दगावली. त्या बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वहीची शेवटची पानं येत होती.

आज करायचं तर

फाटकावर एक वही आणि दोरीने बांधलेलं पेन. ज्याला परत पाठवू त्याचं नाव, गल्ली आणि दोन नंबर : एक घरातला, एक गावाकडचा. गावाकडचा नंबर हा नेहमीच्या नोंदणीतच हवा, साथ येण्याची वाट न पाहता. कामगार वस्तीत तोच टिकतो.

कार्डाचा फोटो बाळंतपणाच्या वॉर्डातच आईच्या किंवा नातेवाइकाच्या फोनमध्ये काढून द्यायचा.

सत्र बंद करायचं झालं तर त्याच कागदावर फेरविचाराची तारीख. आणि प्रतिबंधित क्षेत्राची रेघ ओढताना दवाखान्याच्या सिस्टरांना विचारायचं, तुमची सत्रं कुठे आहेत, तिथे कोणत्या गल्ल्यांतली बाळं येतात.

लसीकरणाच्या सिस्टरला दुसऱ्या कामावर नेणं आणीबाणीत टळणार नाही, हे मला कळतं. पण आठवड्यातला एक दिवस तिचा तिच्याकडे ठेवा. मार्च ते जून आम्हाला तो एक दिवस मिळाला असता, तर दोनशे पानी वहीची गरज पडली नसती.

दुसऱ्या वर्षातल्या मुलांबद्दल सिस्टरांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, तेव्हा हात दोनच होते, आधी तान्ह्यांनाच द्यायला हवं होतं. मला वाटतं, नऊ महिन्यांच्या बाळांसाठी व्हायल फोडत होतोच. त्याच सकाळी त्यांच्यासोबत ही मोठी मुलं बोलावली असती, तर वाया जाणारे डोस त्यांच्या दंडात गेले असते.

डिसेंबर २०२२

कुटुंब २०२० च्या दिवाळीनंतर पुण्यात परतलं. नऊ महिन्यांचा गोवराचा डोस बाळाला शाळेच्या त्याच व्हरांड्यात मिळाला. दुसरा मात्र वेळेवर मिळाला नाही. तेही यादीच्या तळाशी गेलेल्या मुलांतलंच. राज्यात गोवर-रुबेलाची विशेष मोहीम लागली तेव्हा आशाताई पुन्हा घरोघर फिरल्या आणि ते सापडलं. आता पावणेतीन वर्षांचं, आईचा हात सोडून समाजमंदिराच्या पायऱ्यांवरून उड्या मारणारं.

आईने निळी पिशवी उघडली. सिस्टरनी गोवर-रुबेलाचा दुसरा डोस दिला, त्रिगुणीचा बूस्टर आणि पोलिओचे थेंब दिले आणि कार्डावरचे रिकामे चौकोन भरले. "आता पाच वर्षांनंतरचं एक राहिलं," त्या म्हणाल्या.

"तारीख लिहून द्या," आई म्हणाली. सिस्टरनी कार्डावर लिहिली. आई जागची हलली नाही. "तुमच्या वहीतपण लिहा."

सिस्टरनी वही काढली.